फलकावरचे दोन शब्द खोडावेत : माजी विद्यार्थी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
शाळेचे माजी विद्यार्थी मंडळ, इचलकरंजी.
तसेच स्मृतिचषक स्पर्धेच्या संयोजन समितीतील सर्व जुने गडी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात आपल्यातून गेलेल्या आपल्या वर्गमित्राच्या स्मरणार्थ शालेय मुलामुलींची खो-खो स्पर्धा भरवायची, मैदानाच्या फाटकाशी ग्रॅनाइटचा फलक बसवायचा आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट संरक्षकास, म्हणजे पळणाऱ्या गड्यास, त्याच्या नावाचा चषक द्यायचा, असा ठराव आपण केला असून फलकाच्या मजकुराचा मसुदा १९८८ च्या दहावीच्या तुकडीतील आम्हां सगळ्यांकडे अभिप्रायासाठी पाठवला आहे. ठरावामागच्या भावनेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वर्गणी मीही दिली आहे. परंतु मसुद्यात त्याच्या नावाखाली ‘राष्ट्रीय खेळाडू’ असे दोन शब्द आहेत, ते खोडावेत, आणि चषक सर्वोत्कृष्ट संरक्षकास न देता ज्या गड्याला आजवर कोणीच काही दिलेले नाही त्याला द्यावा, अशी माझी विनंती आहे. ही विनंती बैठकीत तोंडी करता आली असती. पण या विषयावर चारचौघांत उभे राहून मला धडपणे बोलता येईल असे वाटत नाही, आणि त्या दोन शब्दांना गावातल्या इतर जुन्या खेळाडूंचीही हरकत नसल्याचे कानावर आल्यामुळे हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

पत्रात त्याचे नाव लिहिलेले नाही. वहिनींनीच तसे सांगितले आहे, आणि ज्यांच्यासाठी हे लिहीत आहे त्यांना ‘चौथ्या चौकातला’ एवढे म्हटले तरी पुरेल. मसुदा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “भावजी, नाव लावताय ते लावा. पण हे जे नव्हते ते कशाला लिवताय?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कार्यकारिणीकडे असेल तर ते त्यांना प्रत्यक्ष जाऊन द्यावे.

वस्तुस्थिती अशी आहे. त्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत १९८७-८८ सालच्या राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत भाग घेतल्याचे एक प्रमाणपत्र आहे, घडीवर फाटलेले. त्या स्पर्धेत आपण दुसऱ्याच फेरीत हरलो. त्यापुढे तो कोणत्याही स्तरावर खेळला नाही, कारण दहावीचा निकाल लागण्याआधीच तो यंत्रमागाच्या खात्यात कांड्या भरणारा कांडीवाला म्हणून कामाला लागला होता. स्मरणिकेसाठी त्याची ‘कामगिरी’ शोधताना मंडळाच्या हाती एवढाच एक कागद लागला, आणि “एवढा मोठा गडी, नॅशनल तर खेळलाच असणार” असे कोणीतरी म्हटल्यावर ते सगळ्यांना पटले, असे मला कळले. यात कोणाचा खोटेपणा नाही, हे मी जाणतो. ज्यांनी त्याला खेळताना पाहिले त्यांच्या डोळ्यांत तो तेवढा मोठा होताच. अडचण एवढीच की डोळ्यांत असलेले कागदावर सापडले नाही, म्हणून कागदच मोठा करावा असे आपल्याला वाटले. तो कागदावर का सापडत नाही, हे या पत्रात सांगायचे आहे.

कार्यकारिणीतील काही सदस्य खो-खो खेळलेले नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खेळलेल्यांनी क्षमा करावी. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर, फूटभराच्या चौकांत, एकाआड एक उलट्या दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पळणाऱ्यांचा पाठलाग करतो. पळणाऱ्याला पाटीवरच्या गड्यांमधून वाटेल तसे इकडून तिकडे जाता येते, पाठलाग करणाऱ्याला मात्र पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही आणि बाजू बदलायची तर टोकाच्या खांबाला वळसा घालावा लागतो. त्याच्याजवळ एकच तोड असते: बसलेल्या गड्याच्या मागून पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायचे, त्याला उठवायचे आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे. म्हणजे पळणारा गडी ज्याच्या हाताने बाद होतो, त्याला त्या क्षणी त्या जागी, त्या बाजूला तोंड करून कोणीतरी उठवलेले असते. गुणपत्रकात मात्र बाद झालेल्याचा क्रमांक, बाद करणाऱ्याचा क्रमांक, वेळ आणि रीत एवढेच लिहिले जाते. खो कोणी दिला, हा रकानाच नाही.

बक्षिसांचेही तसेच. गावच्या मंडळाची स्पर्धा असो की राज्याची, शेवटी तीन नावे पुकारली जातात: सर्वोत्कृष्ट संरक्षक, सर्वोत्कृष्ट आक्रमक (म्हणजे पाठलाग करणारा) आणि अष्टपैलू खेळाडू. राष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांना एकलव्य, महिलांना राणी लक्ष्मीबाई, कुमारांना वीर अभिमन्यू आणि मुलींना जानकी असे मानाचे पुरस्कार आहेत. ते मिळवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, यांतले काही थोर खेळाडू मी जवळून पळताना पाहिले आहेत. पण संरक्षकाचे मोजमाप मिनिटा-सेकंदांत होते, आक्रमकाचे बाद केलेल्या गड्यांत होते, आणि पाटीवर बसून योग्य क्षणाची वाट पाहणाऱ्याचे किंवा स्वतःचा गडी दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्याचे मोजमाप कशातच होत नाही. आपला मित्र हे दुसरे काम करणारा होता. पळतीत तो बेताचाच होता, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे. दीड मिनिट उभा राहिला तर सर खूश असत. अशा माणसाच्या नावाचा चषक सर्वोत्कृष्ट संरक्षकाला देणे म्हणजे त्याची थोडी थट्टाच आहे, आणि ती तो हयात असता तर त्यानेच सर्वांत आधी केली असती.

त्याच्या बसण्याविषयी लिहितो, कारण ते मी सर्वांत जवळून पाहिले आहे. डावाच्या सुरुवातीला तो चौथ्या चौकात बसे आणि मी पाचव्या, पाठमोरे. पायांचे चवडे मातीत रोवलेले, टाचा उचललेल्या, दोन्ही हातांची बोटे चौकाच्या रेषेच्या आत टेकलेली, आणि मान खाली. आम्ही बाकीचे मान वळवून पळणाऱ्या गड्याला शोधत असू आणि त्या नादात खो मिळण्याआधीच अर्धवट उठून फाऊल करून बसत असू. तो कधी शोधत नसे. “गडी कुठं हाय ते बघू नगंस, पाय ऐक,” असे त्याने मला आठवीत सांगितले होते. पहाटे मैदानावर पाणी मारलेले असे, ओल्या मातीवर धावणाऱ्या पावलांचा आवाज जवळ येताना जड होतो आणि गडी पाटीकडे वळताना एक पाऊल आखूड पडते, हे मला त्याच्यामुळे कळले. ते पाणी मारायचे कामही बहुधा त्याच्याकडेच असे. विहिरीवरून बादल्या, मग खडे वेचणे, मग फक्कीने रेषा, आणि एवढे करून खेळ सुरू होईपर्यंत त्याची अर्धी चड्डी ओली झालेली असे.

आणि त्याचा खो. आमच्या संघात खो देताना पाठीत धपका घालणारे दोघे होते; त्यांच्या खोने उठणारा आधी तोंडावर पडे आणि मग धावे. याचा तळवा दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, उघडा, अगदी हलका पडे आणि हात व आवाज यांत केसाएवढेही अंतर नसे. आज अडतीसेक वर्षांनंतर मी ते वर्णन करू शकतो याचे कारण त्या खोमुळे मला आयुष्यातला एकमेव चषक मिळाला, आणि या पत्राचे खरे कारणही तेच आहे.

१९८७ च्या हिवाळ्यातला विभागीय अंतिम सामना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. शेवटच्या डावात आपल्याला एक गडी हवा होता आणि मिनिटभरही उरलेले नव्हते. समोरच्या संघाचा एक उंच, लांब टांगांचा मुलगा एकेरी साखळी धरून, म्हणजे पाटीवरच्या एकेका गड्याला वळसा घालत, आपल्याला दमवत होता आणि पाठलागावर आपला चौथ्या चौकातला होता. दोनदा तो मुलगा त्याच्या हाताच्या टप्प्यात आला. मैदानाबाहेरून सगळे ओरडत होते, “सूर मार! सूर मार!” त्याने सूर मारला नाही. हातसुद्धा लांब केला नाही. तो नुसता मागे मागे धावत राहिला, मी बसलो होतो तिथपर्यंत आला, आणि तो मुलगा माझ्या पुढच्या फटीतून पाटी ओलांडून माझ्या तोंडासमोर उतरतो आहे तोच माझ्या पाठीवर तळवा पडला. मी उठलो तो त्या मुलाच्या अंगावरच. माझा हात त्याच्या खांद्याला लागला, पंचांची शिट्टी झाली आणि पुढचे मला नीट आठवत नाही, कारण मला उचलून घेतले होते. नंतर बसस्टँडवर वडापाव खाताना मी त्याला विचारले, सूर का मारला नाहीस. तो म्हणाला, “हात लांब करायला लावणं हीच तर त्याची पळती हुती. डावं पाऊल आखूड पडलं की आत शिरायचा. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा तू हुतास.”

त्या सामन्यात माझ्या नावावर सहा गडी होते. स्थानिक वर्तमानपत्रात माझे नाव छापून आले, सर्वोत्कृष्ट आक्रमकाचा चषक मला मिळाला, आणि ते नाव वडिलांनी निळ्या शाईने अधोरेखित करून कात्रण भिंतीवर लावले. अकरा जणांच्या त्या बातमीत आपल्या मित्राचे नाव ‘यांनी साथ दिली’ या शब्दांच्या आधी, चौघांत तिसरे आहे.

आपल्या क्रीडाशिक्षकांनी मात्र वेगळा हिशेब ठेवला होता. सरांच्या कन्येने मागच्या महिन्यात त्यांची जुनी वही मला पाहायला दिली. दोनशे पानी, तांबड्या पुठ्ठ्याची. प्रत्येक सामन्याला एक पान, आणि त्यात सरांनी पट्टीने आखलेले दोन जादा रकाने आहेत: ‘उठवले’ आणि ‘घाई’. बाद झालेल्या प्रत्येक गड्यासमोर शेवटचा खो कोणी दिला त्याचा क्रमांक पहिल्या रकान्यात आहे, आणि खोआधी उठलेल्यांची फुली दुसऱ्यात. अंतिम सामन्याच्या पानावर माझ्या सहा गड्यांपैकी चारांसमोर ‘उठवले’ रकान्यात त्याचा क्रमांक आहे. ‘घाई’ रकान्यात त्याच्या नावापुढे काहीही नाही. माझ्यापुढे तीन फुल्या आहेत. खाली सरांच्या अक्षरात एक शब्द: ‘सांगणे.’ कोणाला काय सांगायचे होते ते सरच जाणोत. मला तरी त्यांनी काही सांगितले नाही.

त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल स्मरणिकेत ‘परिस्थितीशी झुंज’ वगैरे मजकूर येणार आहे, तो मी वाचला. थोडा आवरता आला तर बरे. तो कांडीवाल्याचा कारागीर झाला, पुढे जॉबर झाला, आणि बिघडलेला माग त्याने हात लावल्यावर सुरू होतो अशी त्याची ख्याती होती. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि मागांचा खडखडाट यांनी त्याचे कान गेले, हे मात्र लिहायला हवे, कारण त्याचा खेळाशी संबंध आहे. रात्रपाळी संपवून तो सकाळी सहाला मैदानावर येई, पोरांना बसायला शिकवी, आणि गेली काही वर्षे त्याला पोरांचा ‘खो’ ऐकूच येत नव्हता. खो आधी उच्चारला की आधी हात लागला, यावरून पोरांत भांडण झाले की ती त्याच्याकडेच येत, आणि त्याचा निवाडा चुकत नसे. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, “आवाज कशाला पायजे? पाठ दिसती की.” ज्याने मला पाय ऐकायला शिकवले त्याचे कान असे गेले, आणि त्याने त्याची कधी कुरकूर केली नाही, ती मी येथे करून ठेवतो.

२०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग झाली तेव्हा आम्ही दोघे टीव्हीसमोर बसून ती पाहिली. त्यात ‘वजीर’ नावाचा गडी असतो, त्याला पाठलागात कोणत्याही दिशेला वळण्याची मुभा असते. आपल्या मित्राला हे अजिबात रुचले नाही. “मग बसलेल्यांनी काय करायचं? ताकाला जायचं?” असा त्याचा प्रश्न होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, आणि मी आनंदाने ओरडत असताना हा पडद्याच्या मधोमध बोट ठेवून मला सांगत होता की बघ, मॅटवरसुद्धा ती पोरगी टाचा टेकवत नाही. ती कोण ते मला दिसलेही नाही, कॅमेरा पळणाऱ्यांच्या मागे गेला होता. सहा-सात महिन्यांनी तो गेला. पहाटे खात्यात, मागाजवळ, हृदयविकाराने. डॉक्टरकडे नेईपर्यंत सगळे संपले होते.

आता प्रस्ताव. फलकावर त्याचे नाव, जन्म-मृत्यूची साले, ‘राज्य शालेय स्पर्धा १९८७-८८’ आणि ‘चौथा चौक’ एवढेच कोरावे. ‘चौथा चौक’ म्हणजे काय, असे विचारणाऱ्या मुलाला मैदानावरचा कोणीही ते दाखवू शकेल. चषक खो देणाऱ्याला द्यावा. त्यासाठी सरांच्या वहीतले दोन रकाने प्रत्येक सामन्यात आखावेत: बाद झालेल्या प्रत्येक गड्याआधीचा खो कोणाचा, आणि खोआधी कोण उठले. अधिकृत गुणपत्रकाला हात लावण्याची गरज नाही, पंचांच्या कामातही त्याने अडथळा येणार नाही. गुणलेखकाच्या टेबलाशेजारी एक खुर्ची आणि एक वही पुरे. चार दिवस ते काम करायला मी तयार आहे. पळत्या खेळात एवढे टिपता येईल का, अशी शंका समितीतील एका सदस्याने बोलून दाखवली आहे. सर एकट्याने, शिट्टी तोंडात धरून, पेन्सिलीने ते टिपत होते. पहिल्या दिवशी माझ्या चुका होतील, दुसऱ्या दिवशी कमी होतील. दोन गड्यांचे आकडे सारखे आले तर ज्याच्या नावापुढे ‘घाई’च्या फुल्या कमी, त्याला चषक द्यावा. मुलींच्या गटालाही तोच नियम आणि तेवढ्याच उंचीचा चषक असावा. हे वेगळे लिहावे लागू नये, पण मसुद्यात मुलींसाठी ‘उत्तेजनार्थ ढाल’ असे वाचले म्हणून लिहिले.

ग्रॅनाइट लहान घेतला तर काही रक्कम उरेल. तिच्यातून मैदानाला नळ आणि लांब पाइप घ्यावा, कारण हल्ली सकाळी पाणी मारायला कोणी येत नाही आणि माती उडते. आणि दोन्ही खांब नव्या लाकडाचे बसवावेत, उत्तरेकडच्या खांबाला चिरा पडल्या आहेत आणि सूर मारणाऱ्या पोरांच्या हातांत कुसळे जातात. याविषयी मतभेद असतील तर मी आग्रह धरणार नाही. पहिल्या दोन मुद्द्यांवर मात्र धरीन.

नवा चषक विकत घेण्याचीही गरज नाही. १९८७ चा चषक माझ्याकडे आहे. त्यावर माझे नाव कोरलेले आहे, ते घासून काढता येते, मी सराफाला विचारून आलो आहे. पुढल्या रविवारच्या बैठकीला तो घेऊन येतो. त्याची एक मूठ ढिली झाली आहे. एवढ्या वर्षांत ती बसवून घ्यायची राहून गेली, कारण जो ती दोन मिनिटांत बसवून देणारा होता त्याच्यासमोर तो चषक बाहेर काढायला मला कधी धीर झाला नाही.

आपला,
पाचव्या चौकात बसणारा
(दहावी, १९८८)